एकशे दहा मीटर कमी

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे, अंतर मोजणारे. मला लांब दांडा आहे, आणि माझी एक फेरी म्हणजे बरोबर एक मीटर. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहान गावच्या हायस्कूलने मला विकत घेतले. तेव्हापासून माझे काम एकच, मुलींच्या पाच किलोमीटर शर्यतीचा रस्ता मोजणे.

मला चालवत मार्लीनबाई. त्या कोच हॉफस्टेटर यांच्या पत्नी. दर ऑगस्टला शर्यतीची वाट दाखवणारे झेंडे लावण्याआधी त्या मला घेऊन ओढ्याकाठाने, मक्याच्या शेताच्या कडेने चालत. वळणावर अगदी आतून. "पोरी जवळची वाट शोधणारच, मग मोजायचं पण तिथूनच," असे त्या म्हणत. फार चांगली वर्षे होती ती.

एका हिवाळ्यात त्या गेल्या. ऑगस्टमध्ये कोच मला घ्यायला सामानाच्या खोलीपर्यंत आले, दाराशी थांबले आणि नुसते झेंडे घेऊन गेले. रस्ता पाठ आहे, असे त्यांना वाटले.

त्या वर्षीच्या शर्यतीत ॲनिका व्होरहीस सतरा मिनिटे पन्नास सेकंदांत पहिली आली. तिचे शाळेचे शेवटचे वर्ष होते. घरी चार भावंडे. धावण्याची शिष्यवृत्ती मिळाली तरच तिला मोठ्या कॉलेजात जाता येणार होते. दोनच दिवसांत एका कॉलेजच्या कोचबाईंचे पत्र आले, भेटायला ये म्हणून.

मुली माझ्या खोलीत बूट बदलत होत्या. "मी पण पंचवीस सेकंदांनी सुधारले," ब्रिटा म्हणाली. "ते पण आदल्या दिवशी तीन डोनट खाऊन. आपल्या सगळ्यांना एकदम पंख फुटले की काय?"

सगळ्या हसल्या. ॲनिका हसली नाही. तिने मला खुंटीवरून काढले आणि कोचना म्हणाली, "चला, एकदा चालून येऊ."

आम्ही तिघे चाललो. ओढ्याजवळ झाडी तोडून नवी, जवळची वाट काढलेली होती, आणि झेंडा नेमका तिथेच लागला होता. शेवटच्या रेषेवर माझा आकडा थांबला, चार हजार आठशे नव्वद.

"एकशे दहा कमी," ॲनिका म्हणाली.

कोच गवतावर बसले. "चूक माझी आहे. पण अजून कुणी विचारलेलं नाही गं."

"वसंतात मोजलेल्या ट्रॅकवर धावले की वेळ वाढेल, मग विचारतील. तेव्हा काय, वारा उलटा होता म्हणून सांगू?"

तिने तिथूनच कॉलेजला फोन लावला आणि सगळे सांगितले. पलीकडे पत्र पाठवणाऱ्या त्याच कोचबाई होत्या.

"तोकड्या रस्त्यांवरचे आकडे माझ्याकडे दर आठवड्याला येतात," त्या म्हणाल्या. "ते सांगायला फोन मात्र कुणी केला नव्हता. एप्रिलमध्ये ट्रॅकवर आठ फेऱ्या धाव आणि वेळ कळव. वचन देत नाही, पण तुझं नाव खोडतही नाही."

एप्रिलमध्ये ती आठ फेऱ्या दहा मिनिटे चव्वेचाळीस सेकंदांत धावली. धावण्यावर अर्धी फी माफ झाली, उरलेली तिने परीक्षेतल्या गुणांवर मिळवली.

गेल्या ऑगस्टला कोच स्वतः मला घेऊन निघाले. चालताना ते बोलत होते, पण माझ्याशी नाही, मार्लीनबाईंशी. मला त्याचे काही वाटले नाही. मी सुखात आहे.

मित्रांनो, घरातले माणूस गेले की त्याच्या हातची वस्तू कोपऱ्यात ठेवून द्यावीशी वाटते. तसे करू नका. तिला दोन थेंब तेल द्या आणि कामाला लावा. तिच्या कामावर कुणाचे तरी पुढचे आयुष्य उभे असते.