हॉलंडवालीच्या रीलखाली

"म्हादबा, हिला बघ जरा," म्हणत शंभूनं त्याचा मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. शुक्रवारची सुट्टी, इथं आखातात हूरा भागातली आमची खोली, सहा जण जेवायला बसलो होतो. पडद्यावर हॉलंडच्या बायकांच्या वॉटर पोलो टीममधली एक खेळाडू पाण्यातून काठावर चढत होती. तीन सेकंदांचं रील. शंभूनं ते परत लावलं, मग आणखी एकदा. बारा लाख लोकांनी त्याला बदाम दिला होता.

"मॅच कुणी जिंकली?" मी विचारलं.

"मॅच कोण बघतंय!" शंभू म्हणाला. सगळे फिदीफिदी हसले.

मी इथल्या एका हॉटेलच्या स्विमिंग टँकचा पंप आणि क्लोरीन सांभाळतो, चौदा वर्षं झाली. माझी लेक भक्ती कोल्हापुरात कॉलेजला आहे आणि विद्यापीठाच्या टीममधून हाच खेळ खेळते. पाण्याखाली लाथा बसतात, मॅचभर पाय टेकायला मिळत नाहीत, हे मला तिनंच सांगितलंय. म्हणजे त्या खोलीत किळस सगळ्यांत आधी मला यायला हवी होती. पण सहा जणांत सोवळा कोण होणार?

"तू तर टँकवाला. लिही की कायतरी," शंभू म्हणाला. "हितं मराठी कोण वाचतंय?"

मी लिहिलं, 'हिच्या टँकची सफाई माझ्याकडं द्या.' खोलीत टाळ्या पडल्या. मीही हसलो आणि पोटभर जेवून झोपलो.

सोमवारी सकाळी फिल्टर धूत होतो, तेव्हा भक्तीचा फोन आला. एरवी ती सगळं एका दमात सांगते. आज एकच प्रश्न विचारला.

"बाबा, त्या हॉलंडच्या प्लेअरच्या रीलखाली काय लिहिलंय तुम्ही?"

"तू कशाला गेलीस तिथं?"

"आमची सगळी टीम तिला फॉलो करती. तिचा थ्रो बघून शिकतो आम्ही. पोरींनी वाचलंय ते. मलाच आणून दाखवलं."

"अगं, शंभूनं लिहायला लावलं. चेष्टा होती नुसती."

"बोटं तुमचीच होती न्हवं?" ती म्हणाली. "आणि तुमच्या डीपीला कोण हाय, ध्यानात हाय का?"

नव्हतं. डीपीला भक्तीच होती, गळ्यात पदक घातलेली. माझ्या त्या घाणेरड्या ओळीशेजारी माझ्या लेकीचा हसरा चेहरा तीन दिवस चिकटून होता. खाली कुणा अनोळखी माणसानं मराठीतच विचारलं होतं, 'डीपीतली कोण? तीपण टँकमध्ये उतरते का?' त्याला चाळीस बदाम.

त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. पण त्याला वाट मीच दाखवली होती. मला माझीच शिसारी आली.

"आत्ता काढतो कमेंट, भक्ती. आत्ताच."

"कमेंट राहू द्या. ती तुमची हाय," ती म्हणाली. "माझा फोटो तेवढा काढा."

फोन बंद झाला. हात ओले होते, पडद्यावर बोट चालेना. पँटला पुसले आणि आधी फोटो काढला. गोलात बिनचेहऱ्याचा राखाडी माणूस आला. मग कमेंट काढायला गेलो, तर माझ्या नावाशेजारी, माझ्या त्या ओळीशेजारी, तो आधीच जाऊन बसला होता.