मधली डिस्क

तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात, पण वडिलांच्या कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यात हार्ड डिस्क होत्या तीन आणि मुलंही तीन, तेव्हा वाटणीच्या दिवशी कुणाला डोकं चालवावं लागलं नाही. दादाने एक घेतली, धाकट्याने एक, उरलेली मधलीला. वडिलांनी हौसेने काढलेले घरचे सगळे व्हिडिओ त्यांत होते. आपल्या वाट्याचे आपल्याला मिळाले, असं प्रत्येकाला वाटलं. रिकामा डबा कुणालाच नको होता, म्हणून तोही मधलीकडे आला. तिने त्यावर कुंडी ठेवली.

मधलीला घरात दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही, आणि आता तर हाक मारायलाच कुणी नव्हतं. वडिलांच्या आजारपणात कोण जास्त जागलं यावरून भावांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. दोघेही तिला फोन करायचे ते एकमेकांची उणीदुणी काढायला. तू कशी आहेस, हे विचारायचं राहूनच जायचं.

एकदा भाजी निवडताना तिच्या लक्षात आलं, आईचा आवाज आपल्याला आठवत नाही. शब्द आठवत होते, आवाज नाही. कुंडी उतरवून, डबा पुसून, तो आणि डिस्क घेऊन ती कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेली.

"ताई, ही एकटी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "प्रत्येक व्हिडिओ तिघींवर मिळून लिहिलाय. पण कुठल्याही दोन आणा. तिसरीचं त्या दोघी भरून काढतात."

मधलीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे एकाच भावापुढे तोंड वेंगाडायचं. दादाने त्याची डिस्क कुरिअरने पाठवली, सोबत चार शब्दही नव्हते.

दोन्ही डब्यात बसवल्या. एक दिवा हिरवा लागला, दुसरा लाल.

"हिने मान टाकली," दुरुस्तीवाला म्हणाला.

"कुणाची?"

"तुमची."

आता धाकट्याला विचारणं आलं.

"दादाची आहे त्यात? मग माझी नाही मिळायची."

एरवी तिने गोड बोलून समजूत घातली असती. त्या दिवशी तिला ते जमलं नाही. "मला आईचा आवाज ऐकायचाय रे," ती म्हणाली आणि फोनवरच रडायला लागली. धाकट्याने तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं. डिस्क आली, तीही कुरिअरनेच.

दादाची वर, धाकट्याची खाली, मध्ये नवी कोरी. "लगेचही उघडेल," दुरुस्तीवाला म्हणाला, "पण दोघींपैकी एकीने दगा दिला तर सगळंच जाईल. आधी नवी भरू दे." मधला दिवा लुकलुकत राहिला. ती दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली. तिथून तिने दोघांना फोन करून एक डिस्क खराब निघाल्याचं सांगितलं.

"त्याचीच खराब निघाली असणार," दादा म्हणाला.

"दादाचीच गेली होती ना?" धाकटा म्हणाला.

"नाही. तुम्हा दोघांच्या ठणठणीत आहेत. माझी गेली होती," तिने दोघांनाही सांगितलं. यावर दोघेही "अच्छा" म्हणाले. तिला फार एकटं वाटलं.

संध्याकाळी दिवा हिरवा झाला. पडद्यावर आई आली, पीठ लागलेले हात वर धरून. मागे दोन पोरं एकमेकांच्या झिंज्या ओढत होती. "मधले, आवर गं ह्या दोघांना!" आई म्हणाली. तोच आवाज. मधलीने तोंडावर पदर धरला.

"लिंक पाठव," धाकट्याचा मेसेज आला. पाठोपाठ दादाचाही, तोच.

"एका मिनिटाचं काम आहे," दुरुस्तीवाला म्हणाला.

आयुष्यभर तिने याचं बोलणं त्याला साखर लावून पोचवलं होतं, पण स्वतःसाठी कधी खोटं बोलली नव्हती. तिने दोघांना लिहिलं, "तशी जात नाही रे. माझ्या घरी येऊनच बघावं लागतं. रविवारी ये."

डबा उचलताना तिला आठवलं, घरात खुर्ची एकच आहे. तिने दुकानातली दोन स्टुलं उसनी मागितली.

"परत कधी आणाल?"

"ते येऊन गेले की," मधली म्हणाली.