दोन जावांची प्रयोगशाळा

दोघी सख्ख्या जावा, दोघीही मुख्याध्यापिका, आणि दोघींच्या शाळा एकाच रस्त्यावर. आता बोला! घरी एका ओट्यावर चारही हात बिनबोभाट चालत. निकालाचे दिवस आले की मात्र बोलणं कामापुरतं उरायचं.

त्या वर्षी वरून हुकूम आला. एवढ्याशा वस्तीत विज्ञानाच्या दोन शाखा नकोत. शेवटच्या वर्षाचा निकाल ज्या शाळेचा खाली, तिची शाखा बंद. थोरलीने आपली शाखा जिवाचं रान करून उभी केली होती. तिच्याकडे झकास प्रयोगशाळा होती, पण गणिताचे मास्तर ऐन वर्षात सोडून गेले. धाकटीकडे गणिताचे मास्तर अव्वल, प्रयोगशाळेच्या नावाने मात्र एक बेसिन आणि तडकलेली फरशी. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते जगाला ठाऊक आहे. इथे हरी कोण, हे दोघींनीही विचारलं नाही. ठरलं असं, की मास्तरांनी थोरलीच्या शाळेत येऊन शिकवायचं आणि धाकटीच्या पोरांनी शनिवारी प्रयोगशाळा वापरायची.

पहिल्या शनिवारच्या आधी थोरलीने प्रयोगशाळेच्या सरांना बोलावलं. पाहुण्या पोरांना खालच्या खणातल्या ब्युरेट द्या म्हणाली. थेंब थेंब मोजून सोडायच्या या काचेच्या नळ्या. खालच्या खणातल्यांची तोटी गळायची, आकडे पुसट, उत्तर दरवेळी थोडं हुकायचं. सर चाचरले. नव्या आपल्याच पोरांना पुरत नाहीत, असं तिने ठोकून दिलं. खरं तर नव्यांची अख्खी पेटी कपाटावर न उघडता पडून होती. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पण आपलं घर बुडत असताना दुसऱ्याचा विचार कोण करतं, अशी तिने मनाची समजूत घातली.

चोराच्या मनात चांदणं, म्हणून ती मास्तरांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसू लागली. हा माणूस हात राखून शिकवतोय का, एवढंच तिला बघायचं होतं. मास्तर घंटा झाली तरी खडू खाली ठेवत नसत. स्वतःच्या शाळेत अजून न पोचलेला धडा त्यांनी इथे आधी संपवला. तिला कोडं पडलं, पण आयतं मिळतंय ते कोण सोडतो?

निकाल लागला. गणिताने थोरलीची शाळा वर काढली. धाकटीच्या पोरांनी प्रात्यक्षिकात मार खाल्ला आणि तिची शाखा बंद झाली.

धाकटी पहिल्या वर्षाच्या पोरांचे अर्ज घेऊन थोरलीच्या ऑफिसात आली. एवढ्यांना पदरात घ्या म्हणाली, आणि वर प्रयोगशाळा दिल्याबद्दल आभारही मानले. ते काही थोरलीला सोसेना.

"तुझ्या पोरांना गळक्या नळ्या द्यायला मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे, ताई. पोरं पहिल्याच शनिवारी सांगत आली."

"मग मास्तरांना का नाही थांबवलंस?"

"थांबवलं असतं, तर तुम्ही दारच लावलं असतं. गळकी का होईना, पोरांच्या हातात नळी तरी येत होती. तिकडे तसूभरही कमी पडू नका, असं मीच त्यांना बजावलं होतं."

थोरलीला लाजेने मान वर करवेना. धाकटीने अर्ज नीट जुळवून तिच्यासमोर ठेवले.

"आता ही तुमचीच पोरं," ती म्हणाली. "यांना नव्या द्याल ना?"

थोरलीने प्रयोगशाळेच्या सरांना बोलावलं आणि कपाटावरची पेटी खाली काढायला सांगितली.