माझं झिजलेलं बटण

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो, मुलाखतीच्या खोलीतला. कारखान्यातून आलो तेव्हा माझी अक्षरं कशी झळझळीत होती! आता निम्मी पुसली गेली आहेत. सगळ्यात जास्त झिजलंय ते खोडायचं बटण.

नोकरीसाठी आलेली नवी मुलं माझ्यावर प्रोग्रॅम लिहायची. परीक्षा घेणाऱ्यांना सगळे घड्याळसाहेब म्हणत. ते प्रश्न द्यायचे, घड्याळ लावायचे आणि चहाला निघून जायचे. प्रश्नही वर्षानुवर्षं एकच: यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा शोधा. ज्यांना उत्तर पाठ असे, ते टकाटक बडवून मोकळे होत. विचार करणारे थांबत, खोडत आणि वेळ संपला की तोंड पाडून घरी जात. मला बोटांवरून सगळं कळायचं, पण सांगणार कोणाला? जीव नुसता तळमळायचा.

एके दिवशी साहेबांची दाढ ठणकू लागली, म्हणून त्यांच्या हाताखालच्या ताई आल्या. समोर एक मुलगी बसली होती.

"आधी तीन ठिकाणी गेले, तिन्हीकडे वेळच पुरला नाही," ती म्हणाली. तिची बोटं गारठली होती. ही नोकरी तिला हवीच होती.

ताईंनी घड्याळ बाजूला सारलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. "घाबरू नकोस गं. डोक्यात येईल ते बोलत बोलत लिही."

मुलीने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग थांबली.

"ताई, यादीत सगळे आकडे सारखेच असले तर? दुसरा मोठा आकडा आणायचा कुठून?"

ताई चमकल्या. हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं! त्यांनी साहेबांचं नमुना उत्तर तशा यादीवर चालवलं, तर ते धाडकन बंद पडलं. मुलीने दोन ओळी वाढवल्या. तिचा प्रोग्रॅम मात्र ठणठणीत चालला.

तेवढ्यात गाल धरून साहेब परतले. संगणकाच्या पडद्यावर आपलं बंद पडलेलं उत्तर बघून म्हणाले, "अरेच्चा! म्हणजे मीच नापास?" आणि दाढ विसरून खदखदून हसले. "हिला घ्या हो! आजच घ्या!"

काय सांगू मित्रांनो, माझी सगळी बटणं नाचायची तेवढी बाकी राहिली होती! जिंकलो की आम्ही!

आज तीच मुलगी मुलाखती घेते. आधी फुंकर मारून माझी धूळ काढते, मग पाहुण्याला बसवते. परीक्षा जरूर घ्या, मित्रांनो. करून पाहिल्याशिवाय कोणाला काय येतं ते समजत नाही. पण लिहिणाऱ्याला एकटं सोडू नका. आमच्या खोलीत आता दोन खुर्च्या असतात. माझ्या खोडायच्या बटणावर काहीच दिसत नाही, तरी सगळ्यांची बोटं तिथे बेधडक पोचतात.