हेस्टरच्या पलंगाखालचा दगड

आमच्या मडफर्ड खुर्दात दर मे महिन्यात एका गुरुवारी सगळं गाव विलोच्या काठ्या घेऊन शिवेवरून चालतं आणि शिवेचा एकेक दगड बडवून काढतं. नकाशे नव्हते तेव्हा शीव लोकांच्या लक्षात राहावी म्हणून ही रीत पडली. आता नकाशे आहेत. पण काहीतरी बडवायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडेल?

वाटेत जे येईल ते ओलांडायचं, वळसा घालायचा नाही, असा नियम. डबकं आलं तर डबक्यातून, काटेरी कुंपण आलं तर कुंपणातून. फक्त हेस्टर टॅपस्कॉटच्या घराला मात्र आम्ही वर्षानुवर्षं वळसा घालत आलो, कारण तिचा नवरा एनक पुढच्या फाटकाशी बिअरचं पिंप घेऊन उभा असायचा. बिअर जिकडे, शीव तिकडे. एनक गेला, तरी पिंप हेस्टर मांडतेच.

यंदा लायनेल ग्रबने घोळ घातला. हा निवृत्त मास्तर गावाचा इतिहास लिहितोय. माझं लग्न झालं तेव्हापासून लिहितोय, आणि आता माझ्या नातवंडांची लग्नं झाली. फाटकाशी आम्ही ग्लास पुढे केले, तर हा जुना नकाशा फडकावत ओरडला, "थांबा! शीव इकडून नाही, घरातून जाते!"

मग काय, चिखलाच्या बुटांसकट सगळी वरात स्वयंपाकघरातून थेट हेस्टरच्या झोपायच्या खोलीत. ही खोली एनकने लग्नानंतर मागच्या अंगाला वाढवलेली. लायनेल पलंगाखाली शिरला. आत डोकं आपटल्याचा आवाज झाला.

"सापडला! शिवेचा दगड!"

"तो होय," हेस्टर म्हणाली. "एनकला उपटता येईना, म्हणून त्याने वर पलंगच टाकला. मी त्याच्यावर सपाता ठेवते."

लायनेल बाहेर आला. केसांत जळमटं आणि तोंडावर विजय. "म्हणजे हेस्टरबाई, तुमचं स्वयंपाकघर खुर्दात, पण पलंग शेजारच्या मडफर्ड बुद्रुकात. आणि माणूस झोपतो तिथला!"

हेस्टर मटकन त्याच पलंगावर बसली. आमच्या चर्चच्या आवारात जागा संपत आल्यामुळे आता फक्त गावातल्याच माणसाला तिथे पुरतात. एनकच्या शेजारची जागा तिची. ती रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन तिथे जाते आणि त्याला गावभरच्या चहाड्या सांगते.

"मग मला एनकपाशी नाही ठेवणार?" तिने विचारलं. हेस्टरला इतक्या बारीक आवाजात बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी लायनेलला काठीने ढोसलं.

आमच्या पाद्रीबाई नव्या आणि नियमाच्या पक्क्या. "पलंग स्वयंपाकघरात नेला तर चालेल," त्या म्हणाल्या. नेऊन पाहिला. पलंग दारात अडकला आणि लायनेल पलंगात.

तेवढ्यात खिडकीतून ऑगस्टस पिमचं डोकं आत आलं. बुद्रुकचा हा म्होरक्या. त्यांचीही फेरी त्याच दिवशी असते. "काय गोंधळ आहे हा?"

"अभिनंदन, पिमसाहेब!" लायनेल अडकल्या जागेवरून म्हणाला. "ही खोली तुमची. हेस्टरबाईही तुमच्याच, आत्ता आणि मेल्यावरही. तुमच्या आवारात जागा आहे ना?"

"आहे की, माझ्या जागेला लागूनच..." बोलता बोलता पिम पांढराफटक पडला.

गेल्या जत्रेत हेस्टरने त्याचा केक चाखून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की हा खाऊ नका, चर्चच्या छपराला लावा, गळती थांबेल.

"ही खोली आमची नाही!" पिम किंचाळला. "कधीच नव्हती! माझे आजोबा सांगायचे, शीव मागच्या ओढ्यावरून जाते."

"माझे तर ओढ्याच्याही पलीकडून सांगायचे!" मागून त्याचा भाऊ ओरडला.

"हवं तर आमचं कुरणही घ्या!" पिम म्हणाला.

हे ऐकून हेस्टर ताडकन उठली. "का रे ऑगस्टस? काय वाईट आहे माझ्यात? तुझ्याशेजारी मी शोभणार नाही?"

मी झडप घालून तिचं तोंड दाबलं. "अगं बाई, गप्प बस! जिंकतेयस तू!" ती मला चावली.

पाद्रीबाईंनी घसा खाकरला. "दोन्ही गावांना जे आठवतं तीच शीव. खुर्दवाल्यांनो, तुम्हाला काय आठवतं?"

"ओढा!" आम्ही एका सुरात ओरडलो. ओढ्याकडे आम्ही कोणी जन्मात फिरकलो नव्हतो.

"पण नकाशा..." लायनेल म्हणाला. त्याला कोणी बाहेर काढेना. पिंप संपल्यावर काढला.

संध्याकाळी मी हेस्टरबरोबर आवारात गेले. "ऐकलंस का एनक," ती म्हणाली, "त्या मेल्याने अख्खं कुरण सोडलं, पण मला घेतली नाही." ती खूप हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून आपल्या जागेवर, त्याच्या शेजारी गवतात चक्क आडवी झाली.

"अगं, हे काय?"

"बघतेय. इथे उतार आहे गं. मी घरंगळत याच्याच अंगावर जाणार."

"मग?"

"मग काय," हेस्टर म्हणाली, "घरीही तसंच व्हायचं."