सातवर सात, नऊवर नऊ

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. ज्याच्या पोटात दुसऱ्याचे पैसे असतात, त्याला भोळं राहून चालत नाही.

जन्माने मी तुपाचा डबा. तूप संपल्यावर अमडापूरच्या हिंमतरावांनी माझ्या झाकणाला चीर पाडून घेतली, पोटावर लाल रंगाने 'खुशी' असं लिहिलं आणि मला त्यांच्या हॉटेलच्या गल्ल्याशेजारी बसवलं. जेवून तृप्त झालेला माणूस बिलावर चार पैसे जास्त ठेवतो, त्याला आमच्या हॉटेलात खुशी म्हणतात. ती कुणी आपल्या खिशात घालायची नाही, माझ्यात टाकायची. बाजाराच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली की मला सगळ्यांदेखत पालथं करत आणि सारखे वाटे पडत. मागे चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या रुखमाबाईंना गिऱ्हाइकाने कधी पाहिलेलंही नसे, पण त्यांचा वाटा वाढप्याइतकाच.

या धंद्यात मी खूप पाहिलं. कुणी माझ्यात फाटकी नोट सारली, कुणी शर्टाचं बटण टाकलं. एका लग्नातल्या पाहुण्याने तर सोयऱ्यांना दाखवून शंभराची नोट माझ्या चिरीत धरली, आणि त्यांची पाठ वळताच तीच नोट परत खिशात घातली. तेव्हापासून मी माणसाच्या तोंडाकडे पाहत नाही, बोटांकडे पाहतो.

ज्ञानेश्वर नावाचा वाढपी वीस वर्षं रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत आला. बाकी कुणाला माझी आठवण नसायची. पण हा माणूस मला एवढा का पुसतो, असंही मला अधूनमधून वाटायचंच.

मग मागच्या वर्षी हिंमतरावांचा भाचा शेखर पुण्याहून आला. त्याने एका नव्या नाण्याची गोष्ट आणली. ते हाताला लागत नाही, वाजत नाही, फोनमध्येच असतं आणि फोनमधूनच जातं. त्याला क्रिप्टो म्हणतात. शेखरच्या त्या एका नाण्याचे आपले नव्वदेक रुपये होत. न वाजणारं नाणं म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मला विचारतो कोण?

शेखरने दोघा वाढप्यांच्या नावाचे ठिपक्या-ठिपक्यांचे दोन कागद केले, एक ज्ञानेश्वरचा, एक कारभारीचा. वाढप्याने बिलासोबत आपला कागद न्यायचा, गिऱ्हाइकाने त्यावर फोन धरायचा. फोनवर बिलाचा आकडा येई आणि त्याखाली एक रिकामी चौकट, खुशीची नाणी किती ते टाकायला.

"आता खुशीबी फोनातच जाईन, मामा," शेखर म्हणाला. "डबा कायले पाह्यजे?"

मला उचलून खालच्या फळीवर, उदबत्त्यांच्या पुड्यांमागे ढकललं. तिथून मला माणसांचे हात तेवढे दिसत. आणि मी पाहत होतो. ज्ञानेश्वर गिऱ्हाइकाचा फोन स्वतःच्या हातात धरायचा. एकदा नाही, पुष्कळदा.

महिनाभराने धामणगाव बढ्याचा अविनाश तणतणत आला. भाजीपाल्याचा तरुण व्यापारी तो, जाता-येता आमच्याकडे जेवणारा.

"हिंमतरावभाऊ, दोनशे चाळीसाचं जेवलो अन् वरून नऊ नाने कटले. आठशे रुपये झाले ते. तुमच्या या मानसानं माहा फोन धरला होता."

हिंमतरावांनी ज्ञानेश्वरला बोलावलं. "काऊन बे, लोकायचे फोन काऊन हातात घेतो?"

"त्यायचे हात रश्श्यानं भरले रायते, मालक. पकड म्हनते, म्हनून पकडतो. मले त्यातलं काई समजत नाही."

"काई समजत नाही अन् तुह्याच नावावर आठशे रुपये आले?"

ज्ञानेश्वर गप्प राहिला. गप्प राहणारा माणूस मला नेहमीच चोर वाटत आला आहे. तळे राखी तो पाणी चाखी, असं मी मनात म्हटलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझा संशय बरोबर निघाला होता.

"उद्यापासून येऊ नको," हिंमतराव म्हणाले.

ज्ञानेश्वरने खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची नीट घडी केली आणि गल्ल्यावर ठेवलं. रोज मला पुसणारं फडकं ते.

आणखी कुणाचे किती गेले ते पाहावं म्हणून शेखर फोन काढून मोठ्याने वाचू लागला. "ज्ञानेश्वर. सात, नऊ, सात, आठ, नऊ. कारभारी. एक, दोन, एक."

भाकरीच्या पिठाने भरलेले हात तसेच घेऊन रुखमाबाई दारात आल्या. त्यांना वाचता येत नाही, पण दिवसभर त्यांच्या कानांवर आकडेच पडतात. नऊवर दोन भाकरी, सातवर चार.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ज्ञानेश्वरभाऊकडं टेबल कोन्ते? सात, आठ, नऊ. अन् कारभारीकडं एक, दोन. मंग सातवर सात अन् नऊवर नऊच कशे पडले? हे त टेबलाचे नंबर हायेत."

मग शेखरने अविनाशला विचारलं, "तुमी त्या चौकटीत काय टाकलं होतं?"

"तिथं 'टीप जोडा' लिवलं होतं. परीक्षेच्या पेपरात खाली टीप रायते ना, सूचना लिवलेली? म्हनलं कोन्त्या टेबलावर जेवलो ते लिवा म्हनत असतीन. नऊ टाकला."

शेखरचा फोन धरलेला हात खाली आला. मूळ इंग्रजी शब्द त्याने फोनकडूनच मराठीत करून घेतला होता, आणि एकदाही वाचून पाहिला नव्हता.

"ते खुशीसाठी होतं," तो हळूच म्हणाला.

"मंग खुशी लिवा ना बापा," अविनाश म्हणाला.

अविनाशची नऊ नाणी शेखरने तिथल्या तिथे परत पाठवली, बाकीच्यांनाही फोन केले. हिंमतरावांनी फडकं उचलून ज्ञानेश्वरच्या हातात दिलं. "झालं गेलं. चाल, लाग कामाले." चुकलं, असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही. मला तोंड नाही, चीर आहे.

मी पुन्हा गल्ल्याशेजारी बसलो आहे. बाजाराच्या दिवशी मला पालथं करतात तेव्हा ज्ञानेश्वर दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभा राहतो. "माहा वाटा रुखमाबाई काढतीन," म्हणतो.

मित्रांनो, संशयी राहा, मी नको म्हणणार नाही. न वाजणाऱ्या नाण्यावर घ्या संशय, न वाचलेल्या शब्दावर घ्या. पण माणसावर घेण्याआधी त्याला आणि आणखी एकाला विचारून पाहा. माझ्यावर गंज चढला तर चिंचेने घासा, मी लख्ख होईन. ज्ञानेश्वरला कशाने घासावं ते मला ठाऊक नाही. तो अजूनही रोज सकाळी मला पुसतो. पण हात लावण्याआधी आत हाक मारतो, "कारभारी, इकडं येऊन उभा राय रे. डबा पुसून राह्यलो."