गप्प राहणारं कार्ड

को पिंग-खुन तीन दिवस कंपनीतल्या आपल्या टेबलाशी, संगणकात बसवायच्या एकाच कार्डावर वाकून बसले होते. डोळ्याला भिंग लावून ते एकेक सांधा तापवत, तपासत आणि मान हलवत.

"को-सान, जेवायला चला. डबे थंड होताहेत," शेजारच्या टेबलावरची थू शू-चेन म्हणाली.

"तू जा, आ-चेन. म्हाताऱ्याने केलेली घाण म्हाताऱ्यानेच उपसावी."

ते कार्ड त्यांनी नऊ वर्षांपूर्वी हौबी गावात ऑर्किड पिकवणाऱ्या थोरल्या भावासाठी स्वतः बनवलं होतं. मांडवात तापमान अठरा अंशांखाली गेलं की ते हीटर चालू करी. यंदा जानेवारीच्या थंडीत हीटर चालूच झाला नाही. येऊ घातलेल्या चांद्र नववर्षाच्या बाजारासाठी कळ्यांवर आलेल्या तीन हजार कुंड्या काळ्या पडल्या. कार्ड काढून तपासलं, तर त्यात साठवलेल्या अठराच्या जागी शून्य होतं.

"सांध्याला दिलेला माझाच डाग कच्चा राहिला," को सगळ्यांना सांगत. भावाने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तुझं यंत्र घेऊन जा. मी आपल्या कोळशाच्या शेगड्या लावतो."

शू-चेनने एकटीने डबा उघडला, पण लक्ष त्या कार्डातच होतं. डिसेंबरात को स्वतःच कंपनीच्या, संगणक चालवणाऱ्या नव्या प्रणालीची तबकडी भावाच्या संगणकात घालून आले होते. "आमच्या आ-चेनने लिहिलंय," असं तिथे मिरवूनही आले होते.

संगणकात कोणकोणती कार्डं बसवली आहेत हे ओळखणारा भाग तिचा होता. जुनी कार्डं आपणहून नाव सांगत नसत. प्रणालीलाच एकेका पत्त्यावर जाऊन चौकशी करावी लागे. ती कशी करायची हे कोंनीच तिला शिकवलं होतं. आधी नुसतं वाचायचं. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं, तर घर रिकामं आहे असं समजायचं नाही. काही कार्डांना फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही. तिथे काहीही लिहिण्याआधी समोर बसलेल्या माणसाला विचारायचं.

तो प्रश्न तिने घातला होता. पण प्रणाली लोकांपुढे मांडायचं प्रदर्शन जवळ आलं तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "गिऱ्हाईक प्रश्नांना भितं. बघा, काही कमी करता येतं का." प्रश्न नेमका कुठे लागतो हे शोधायला कोंच्या कपाटातल्या साठ जुन्या कार्डांवर चाचणी घ्यायची, तर आणखी पंधरा दिवस गेले असते. तिने प्रश्न काढून टाकला. जिथून उत्तर येत नाही, तिथे एक शून्य लिहून पाहायचं, एवढं ठेवलं. काढून टाका, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

को चहाला उठले तेव्हा तिने ते कार्ड आपल्या संगणकात बसवलं, अठरा भरलं आणि प्रणाली चालू केली. कार्डावरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला. कार्ड बाहेर काढून तिने कोंच्या मापकाने त्यात साठलेला आकडा वाचला. शून्य.

को परत आले तेव्हा कार्ड जागच्या जागी होतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता नववर्ष येऊन गेलं आणि कोंच्या निवृत्तीचा दिवस उजाडला.

ते खोक्यात सामान भरत असताना तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

कोंनी हातातला पेला खाली ठेवला. "कधी कळलं तुला?"

"नववर्षाच्या आधीच. तुम्ही कार्ड घेऊन बसला होतात, तेव्हाच."

त्यांनी पेला कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला.

"चुका होतात गं. माझ्या साठ चुका त्या कपाटात पडल्यात. पण यंदा नववर्षाच्या जेवणाला मी दादाकडे गेलो नाही. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, कुठल्या तोंडाने जायचं? तू सांगितलं असतंस, तर गेलो असतो."

तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. काढलेला प्रश्न परत जागेवर होता: 'या पत्त्यावरून उत्तर येत नाही. इथे काही बसवलेलं आहे का?'

को चष्मा वर करून वाचू लागले. "आधी 'कृपया' घाल. दुसऱ्याच्या दारात उभी आहेस."

तिने ते घातलं. मग विचारलं, "दादांचा नंबर द्याल?"

"तो एक शब्द बोलायचा नाही."

"तरी द्या."

तिने फोन लावला. स्वतःचं नाव सांगितलं, शून्याचं सांगितलं, काढून टाकलेल्या प्रश्नाचं सांगितलं. कोंच्या हातचा डाग नऊ वर्षांनीही पक्काच होता, हेही सांगितलं. पलीकडून उत्तर आलं नाही. मांडवातल्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. को खोकं काखेत घेऊन दाराशी थांबले होते.

शू-चेनने रिसीव्हर खाली ठेवला नाही. तो कानाशी धरून ती उभी राहिली.